तारेतला इलेक्ट्रॉन अडीच मीटरचा?? (बारावी फिजिक्स, मदत हवीये)

कडीपत्ता:
नमस्कार मंडळी. लेक बारावी सायन्सला आहे. मी स्वतः बीएस्सी फिजिक्स, पण त्याला बावीस वर्षं झाली आणि मधला सगळा काळ बँकेत व्याजाचे हिशेब करण्यात गेला, त्यामुळे घरात 'आईला फिजिक्स येतं' असा जो समज होता तो काल रात्री साडेअकराला संपला.

क्लासच्या शीटमध्ये दोन धडे एकत्र कालवून एक गणित दिलंय. तांब्याची तार, छेद २.५ चौरस मिलिमीटर, करंट १० अँपिअर. शेजारी ३ मिलिमीटरवर तशीच दुसरी तार, तेवढाच करंट पण उलट दिशेनं. (अ) ड्रिफ्ट व्हेलॉसिटी काढा. (ब) दर मीटरला बल किती आणि कुठल्या दिशेनं. (क) तारेतल्या कंडक्शन इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली वेव्हलेंथ (म्हणजे कणासोबत असणाऱ्या लाटेची लांबी) किती.

(अ) आलं. घनमीटरला ८.५×१०^२८ मोकळे इलेक्ट्रॉन धरले की वेग २.९४×१०^-४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.३ मिमी, गोगलगायसुद्धा पुढे जाईल. (ब) पण आलं, २×१०^-७ × १० × १० ÷ ०.००३ = ६.७×१०^-३ न्यूटन, करंट उलटसुलट म्हणून प्रतिकर्षण. (क) ला लेकीनं वरचाच वेग घेऊन प्लँकचा स्थिरांक भागिले वस्तुमान गुणिले वेग केलं, आणि उत्तर आलं २.४७ मीटर. मला वाटलं घात चुकला असेल म्हणून मी कागदावर परत केलं, तेच. कॅल्क्युलेटर बदलला, तेच. शीटच्या मागं उत्तर छापलंय ४.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे १०^-१० मीटर)! पाचशे कोटी पटीहून जास्त फरक. क्लासमध्ये विचारलं तर 'सिली मिस्टेक असेल, नीट बघ' एवढंच. कुठे बघू नीट?

उंटावरचा_शहाणा:
अडीच मीटरमध्ये एक फुलबाह्यांचा शर्ट होतो ताई. बाकी मला काही कळलं नाही पण वाचतोय.

काजवा:
ड्रिफ्ट व्हेलॉसिटी घ्यायची नसते, थर्मल घ्यायची. खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनची सरासरी ऊर्जा दीड केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, त्याच्या दीडपट), त्यावरून वेग काढा, साधारण १.१७×१०^५ येतो. वेव्हलेंथ मग ६२ अँगस्ट्रॉम. शीटमधलं उत्तर चुकलं असणार, क्लासवाल्यांच्या शीटमध्ये निम्मी उत्तरं चुकलेलीच असतात.

कडीपत्ता:
आता तीन उत्तरं झाली :( २.४७ मीटर, ६२ अँगस्ट्रॉम, ४.६ अँगस्ट्रॉम.

खडूफळा:
कडीपत्ताताई, शीटमधलं उत्तर बरोबर आहे, आणि लेकीची आकडेमोडही बरोबर आहे. याला सिली मिस्टेक म्हणणं मला पटत नाही. ज्युनियर कॉलेजला शिकवतो, मला दरवर्षी एकदोन मुलं तरी हे विचारतात आणि विचारणारी मुलं बहुधा चांगलीच असतात, कारण बाकीचे (क) सोडून पुढं गेलेले असतात.

संध्याकाळी डोक्यावर चिलटांचा घोळका येतो बघा. प्रत्येक चिलट वेड्यासारखं इकडून तिकडं सुसाट, पण घोळका जागच्या जागी. जरा वारा आला की अख्खा घोळका हळूच बाजूला सरकतो. आता घोळका सरकतोय त्या वेगालाच कुणी 'चिलटाचा वेग' म्हणायला लागलं तर? ड्रिफ्ट व्हेलॉसिटी म्हणजे घोळक्याचं सरकणं. इलेक्ट्रॉन स्वतः सगळ्या दिशांना धावत असतात, बेरीज केली की जवळजवळ सगळं कटतं आणि उरतं ते सेकंदाला ०.३ मिमी. करंट काढायला हा उरलेला वेगच लागतो, त्यामुळे (अ) मध्ये तो बरोबर. पण डी ब्रॉग्लीचं सूत्र एकेका इलेक्ट्रॉनच्या संवेगाचं आहे, घोळक्याच्या सरासरीचं नाही. डावीकडं जाणाऱ्या आणि उजवीकडं जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची वेव्हलेंथ सारखीच, पण दोघांच्या संवेगांची सरासरी शून्य. त्या शून्यानं भागून काय मिळणार?

मी वर्गात एकच प्रश्न टाकतो. स्विच बंद करा. करंट शून्य, ड्रिफ्ट शून्य, मग तुमच्या हिशेबानं वेव्हलेंथ अनंत! म्हणजे दिवा घालवला की स्वयंपाकघरातल्या तारेतला इलेक्ट्रॉन पार ब्रह्मांडभर पसरला? मुलं हसतात आणि तिथंच त्यांना कळतं.

काजवा, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर, घोळका सोडून एकेका इलेक्ट्रॉनकडं बघायचं हे बरोबर. पण दीड केटी हा हिशेब विरळ वायूचा. तुमचेच ६२ अँगस्ट्रॉम घ्या आणि विचारा की तांब्यात दोन मोकळ्या इलेक्ट्रॉनमधलं अंतर किती? ८.५×१०^२८ चं घनमूळ काढून उलटं करा, २.३ अँगस्ट्रॉम. म्हणजे प्रत्येकाची लाट शेजाऱ्यांच्या कितीतरी पलीकडं पोचलेली, सगळे एकमेकांवर चढलेले. अशा गर्दीत वायूचे नियम चालत नाहीत, पाउलीचा नियम चालतो: एका अवस्थेत एकच (स्पिन धरून दोन). खालच्या जागा भरल्या की पुढच्याला वरच्या ऊर्जेच्या जागेवर जावं लागतं, मग तापमान शून्य असलं तरी. तांब्यात ही रांग सुमारे ७ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाते, तिथला वेग १.५७×१०^६ मीटर प्रति सेकंद. याला फर्मी वेग म्हणतात. हा घाला सूत्रात, ४.६ अँगस्ट्रॉम. किंवा झटपट: १२.२७ भागिले ७ चं वर्गमूळ, तेच येतं. तळातल्या इलेक्ट्रॉनचे वेग कमी आणि लाटा लांब असतात हे खरं, पण करंटमध्ये भाग घेतात ते या वरच्या काठावरचेच, खालच्यांना हलायला रिकामी जागाच नसते.

एक शंका आहे. फर्मी वेग शीटमध्ये कुठे दिला नव्हता का? दिला नसेल तर हे गणित बारावीच्या मुलाला देणं चूक आहे.

कडीपत्ता:
मास्तर काय सांगू. शीटच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात 'लागणारे स्थिरांक' असा चौकोन आहे, त्यात बारीक अक्षरात 'तांबे, फर्मी वेग १.५७×१०^६'. आम्ही दोघींनी तो दुसऱ्या कुठल्यातरी गणितासाठी असेल म्हणून सोडून दिला होता. स्विच बंद करायचं उदाहरण लेकीला फार आवडलं, दोनदा जाऊन खरंच दिवा घालवून आली.

काजवा:
मान्य. अंतराशी तुलना करायची हे सुचलं नव्हतं. पण मग दीड केटी वापरायचंच कुठे?

खडूफळा:
न्यूट्रॉनला. तिथं गर्दी नसते. ३०० केल्विनला न्यूट्रॉनची वेव्हलेंथ १.४५ अँगस्ट्रॉम येते, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या अंतराएवढीच, म्हणून तर रिअॅक्टरमधून निघालेले मंदावलेले न्यूट्रॉन पदार्थाची रचना बघायला वापरतात. आपल्या ट्रॉम्बेला ध्रुव रिअॅक्टर १९८५ पासून आहे, तिथं न्यूट्रॉनच्या झोतांवर असे प्रयोग चालतात. मुंबईच्या मुलांना सांगतो की द्रव्यतरंग, म्हणजे कणांच्या या लाटा, कुठे परदेशात नाही, चेंबूरच्या पलीकडं आहेत.

ऱ्हस्वदीर्घ:
मास्तर _/\_ चिलटं ढापणार आहे मी. फक्त एक, नाव 'डी ब्रॉग्ली' नाही हो, फ्रेंच उच्चार साधारण 'द ब्रॉय' असा आहे.

उंटावरचा_शहाणा:
आला, उच्चारवाला आला. चहा ठेवा.

खडूफळा:
बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत मुलानं 'द ब्रॉय' म्हटलं तर बाहेरून आलेले परीक्षक विचारतील हा कोण. आमच्याकडं ब्रॉग्लीच राहू दे. माणूस मात्र कमालीचा, १९२४ ला प्रबंधात मांडलं आणि १९२९ ला नोबेल.

तारतम्य:
(ब) वर कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो, माझी सगळी नोकरी विजेच्या ट्रान्समिशनमध्ये गेली. पोरं हे ६.७×१०^-३ न्यूटन लिहून मोकळी होतात, म्हणजे किती हे कुणी विचारत नाही. मीटरला पाऊण ग्रॅमपेक्षा कमी वजन. तारेतलं तांबंच मीटरला २२ ग्रॅम भरतं, त्यामुळे भिंतीतल्या पाइपात काही हलत नाही. पण सूत्रात दोन्ही करंटचा गुणाकार आहे हे विसरू नका. करंट दसपट झाला की बल शंभरपट. शॉर्टसर्किटला समजा २० हजार अँपिअर झाले आणि पॅनेलमधल्या दोन बसबार (करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्या) १० सेंटिमीटरवर आहेत, करा हिशेब. २×१०^-७ × ४×१०^८ ÷ ०.१ = ८०० न्यूटन, म्हणजे मीटरला ८० किलोचा माणूस आडवा ढकलतोय! आणि हे एका झटक्यात, पहिल्या शिखराला तर त्याहून जास्त. एका कारखान्यात फॉल्टनंतर पॅनेल उघडलं तेव्हा बसबार केळीच्या पानासारख्या बाहेर वाकलेल्या आणि बुडाचे इन्सुलेटर तडकलेले मी स्वतः बघितलेत, कुणीतरी आधार लांब लांब बसवले होते. तेव्हापासून हे सूत्र मला पुस्तकातलं वाटत नाही.

दुसरं उदाहरण हायवेवरून जाताना बघा. ४०० केव्हीच्या लाइनीत बऱ्याचदा एका फेजला दोन दोन तारा असतात, साधारण ४५ सेंटिमीटरवर, आणि मध्ये ठराविक अंतरावर त्यांना एकमेकींपासून लांब धरणारे स्पेसर. दोन्हीत करंट एकाच दिशेनं, म्हणजे आकर्षण. रोजच्या ५००-५०० अँपिअरला हे मीटरला ०.११ न्यूटन, नगण्य. फॉल्टला दोघींत दहा दहा हजार गेले तर ४४ न्यूटन. त्या कंडक्टरचं स्वतःचं वजन मीटरला २ किलोच्या आसपास, म्हणजे २० न्यूटन. स्वतःच्या वजनाच्या दुप्पट ओढ! तारा मधोमध चिमटल्यासारख्या एकमेकींकडे खेचल्या जातात आणि तो ताण स्पेसरवर येतो. स्पेसर फक्त वाऱ्यासाठी असतात असं सांगणारे इंजिनिअर पण मला भेटलेत, जाऊ दे.

कडीपत्ता:
काका भारीच. लेकीचा प्रश्न: घरात एसी करंट असतो, तो सारखा दिशा बदलतो, मग फेज आणि न्यूट्रल कधी आकर्षण कधी प्रतिकर्षण असं होईल ना?

तारतम्य:
नाही होत. दोघांची दिशा एकदमच उलटते, त्यामुळे एकमेकांच्या विरुद्ध त्या कायम राहतात. उणे गुणिले उणे. बल कायम ढकलणारंच, फक्त कमीजास्त होत राहतं, सेकंदाला १०० वेळा शिखर आणि १०० वेळा शून्य. १० अँपिअर हा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) असेल तर तुमचं उत्तर हे सरासरी बल, शिखराला दुप्पट.

काजवा:
मला एक कधीच कळलेलं नाही आणि वर्गात विचारायची लाज वाटायची. एकाच दिशेनं जाणारे करंट आकर्षतात. पण करंट म्हणजे इलेक्ट्रॉनच, आणि इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनला ढकलतो. मग दोन तारा जवळ का येतात?

ऱ्हस्वदीर्घ:
लाज कसली, हा तर या धड्यातला सगळ्यात मस्त प्रश्न आहे. तार एकूण भारशून्य असते. जेवढे मोकळे इलेक्ट्रॉन तेवढाच धन भार तांब्याच्या आयनांवर. विद्युत बल पूर्ण कटतं आणि उरतं फक्त चुंबकीय. तार काढून टाका आणि निर्वातात इलेक्ट्रॉनचे दोन झोत शेजारी शेजारी सोडा, ते एकमेकांना ढकलतातच. चुंबकीय ओढ तिथेही असते पण विद्युत ढकलण्याच्या मानाने ती वेगाचा वर्ग भागिले प्रकाशवेगाचा वर्ग एवढीच, म्हणजे कधीच जिंकत नाही.

आता कडीपत्ताताईंच्याच तारेवर गंमत करू. २.९४×१०^-४ भागिले ३×१०^८, त्याचा वर्ग, साधारण १०^-२४. एवढुशी चुंबकीय ओढ कुणाला कशाला जाणवेल? पण तारेच्या एका मीटरमध्ये मोकळा भार किती आहे बघा: ८.५×१०^२८ × २.५×१०^-६ × १.६×१०^-१९, म्हणजे ३४ हजार कुलोम! हे दोन्ही तारांतले भार न कटता ३ मिमीवर समोरासमोर आले असते तर मीटरला ६.९×१०^२१ न्यूटनचा धक्का बसला असता. याला १०^-२४ नं गुणा (अचूक ९.६×१०^-२५). ६.७×१०^-३. तुमचं (ब) चं उत्तर!! दुसऱ्या रस्त्यानं तोच आकडा. पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा मी जर्मनीत हॉस्टेलच्या खोलीत एकटाच ओरडलो होतो, शेजारच्यानं भिंतीवर ठोकलं.

म्हणजे ज्या गोगलगायीच्या वेगानं (क) मध्ये घोळ घातला तोच वेग (ब) मध्ये पुरेसा आहे, कारण तिथे घोळकाच मोजायचा असतो.

खडूफळा:
हे उद्या फळ्यावर जाणार. शेवटचं वाक्य तर पोरांकडून वहीत लिहून घेणार.

काजवा:
इतकी वर्षं डोक्यात असलेली गाठ सुटली. धन्यवाद.

भाजणी:
धागा उशिरा वाचला. नातवाला शिकवताना माझं निरीक्षण, पोरं द्रव्यतरंगात सगळ्यात जास्त मार खातात ते फोटॉनचं सूत्र इलेक्ट्रॉनला लावून. १ अँगस्ट्रॉम वेव्हलेंथ दिली आणि ऊर्जा विचारली की डोळे मिटून १२४०० भागिले लॅम्डा. ती एक्स-रेची, १२.४ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. तेवढ्याच वेव्हलेंथच्या इलेक्ट्रॉनला जेमतेम १५० लागतात. आणि दुसरं, प्रोटॉन आणि अल्फा कण (हेलियमचं केंद्रक) यांची तुलना. 'सारखा वेग' असेल तर वेव्हलेंथचं गुणोत्तर ४, 'सारखी गतिज ऊर्जा' असेल तर २, 'सारखं विभवांतर' असेल तर २ गुणिले वर्गमूळ २. प्रश्न पूर्ण न वाचता पाठ केलेलं लिहायचं, मग रडायचं.

उंटावरचा_शहाणा:
आजी, क्रिकेटच्या बॉलचं काय? लाट असते म्हणतात.

भाजणी:
१६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४० किमीनं, १.०७×१०^-३४ मीटर. अणूच्या केंद्रकाशी तुलना केली तरी काहीच नाही. त्यामुळे बोल्ड झालास तर लाटेवर ढकलू नकोस. पण मोठ्या गोष्टींना लाट दिसतच नाही असंही समजू नका, १९९९ मध्ये व्हिएन्नात साठ कार्बन अणूंच्या रेणूचं विवर्तन (लाटेसारखं पसरणं) दाखवलंय, आणि वेव्हलेंथ त्या रेणूच्या आकारापेक्षा शेकडो पट लहान होती.

खडूफळा:
आजी, इलेक्ट्रॉनची लाट प्रयोगात दाखवणाऱ्या डेव्हिसन-जर्मरची गोष्ट सांगता का नातवाला? १९२५ मध्ये प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटली, निकेलचा तुकडा गंजला, तो साफ करायला खूप तापवला आणि त्यात मोठे स्फटिक तयार झाले. त्यानंतर इलेक्ट्रॉन ठरावीक कोनांतच उसळायला लागले. १९२७ चा प्रसिद्ध आकडा ५४ व्होल्ट, ५० अंश. मोजलेली वेव्हलेंथ १.६५ अँगस्ट्रॉम, सूत्रानं १.६७. बाटली फुटली नसती तर, असं मी म्हणणार नाही, कारण त्याच वर्षी जी. पी. थॉमसननंही वेगळ्या रीतीनं दाखवलंच होतं. गंमत म्हणजे बाप जे. जे. थॉमसन, ज्यानं इलेक्ट्रॉन हा कण म्हणून शोधला. बापाला कणासाठी नोबेल, पोराला लाटेसाठी.

उंटावरचा_शहाणा:
जेवायला बसल्यावर काय वाद होत असतील.

तारतम्य:
एक भर. आमच्या वेळच्या पुस्तकात अँपिअरची व्याख्याच या (ब) वरून होती, १ मीटरवरच्या दोन तारांत मीटरला २×१०^-७ न्यूटन बल आलं तर १ अँपिअर. मुलांना आता ती पाठ करून घेऊ नका, २० मे २०१९ पासून बदललीय. आता इलेक्ट्रॉनचा भार ठरवून टाकलाय, १.६०२१७६६३४×१०^-१९ कुलोम, आणि त्यावरून अँपिअर.

ऱ्हस्वदीर्घ:
आणि त्याच दिवशी प्लँकचा स्थिरांकही ठरवून टाकला, त्यावरून किलोग्रॅम. म्हणजे या शीटमधल्या (अ) मधला इलेक्ट्रॉनचा भार आणि (क) मधला प्लँकचा स्थिरांक एकाच तारखेला पक्के झाले. (ब) मधला २×१०^-७ मात्र आता मोजलेला आकडा झालाय, नवव्या-दहाव्या दशांशात किंचित इकडे तिकडे, बारावीला काही फरक पडत नाही.

कडीपत्ता:
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लेकीनं आता स्वतः एक गणित काढलंय, मला म्हणाली धाग्यावर टाक. ३ आणि ६ अँपिअरच्या दोन तारा, एकाच दिशेनं, १२ सेंटिमीटरवर. तिसरी तार कुठे ठेवली की तिच्यावर बल शून्य? तिचं उत्तर, मधेच, ३ वालीपासून ४ सेंमी. उलट दिशेनं असतील तर बाहेर, ३ वालीच्या पलीकडे १२ सेंमी. हे बरोबर आहे ना? आणि तिचा खरा प्रश्न असा की पहिल्या केसमध्ये तार तिथे टिकेल का, धक्का लागला तर?

खडूफळा:
दोन्ही अंतरं बरोबर. टिकण्याचं तिलाच काढू दे, एवढंच सांगतो की तिसऱ्या तारेतला करंट त्याच दिशेनं आणि उलट दिशेनं असे दोन्ही प्रकार करायला सांगा, आणि तार फक्त डावीउजवीकडं नाही तर कागदातून वर उचलूनही बघायला सांगा.

कडीपत्ता:
(दीड तासानं) त्याच दिशेनं असेल तर बाजूला सरकली की जवळच्या तारेकडे अजून ओढली जाते, गेलीच. पण वर उचलली तर दोघी मिळून परत खाली ओढतात. उलट दिशेनं असेल तर बाजूला सरकली की परत मधे येते, पण वर उचलली की वरच निघून जाते. म्हणजे एकीकडून धरलं की दुसरीकडून सुटतं. ती म्हणतेय की दोन्हीकडून टिकेल असं काहीतरी असेलच, मी झोपायला जातेय, ती अजून वही घेऊन बसलीये.

तारतम्य:
बसू दे. त्यासाठीच आम्ही स्पेसर लावतो.